मरीआईचा गाडा शिवेवर का थांबला

पळसोंड्याहून वाघजळला जायला निघालात की ओढ्याच्या अलीकडे एक उघडा माळ लागतो. त्याला आम्ही गाड्याचा माळ म्हणतो. माळावर दगडी ओटा आहे आणि ओट्यावर कडुनिंबाच्या लाकडाचा, कंबरेएवढ्या उंचीचा गाडा. जवळ जाऊन पाहिलेत तर दिसेल, त्याला पुढे दोन चाके आहेत आणि मागे एकच. चौथ्या चाकाच्या जागी आसाखाली काळा धोंडा टेकवलेला आहे. पाहुण्यांना वाटते, चाक मोडले असेल आणि गावाने तसेच सोडून दिले असेल. तसे नाही. ऊनपावसाने लाकूड कुजले की सुताराच्या घरचा माणूस नवा गाडा करतो, आणि तोही तीनच चाकांचा करतो. या गाड्यात मरीआई बसली आहे. तिला इथून पुढे कुणी न्यायचे नाही, असा गावाचा शब्द आहे.

तो शब्द कुणी दिला, त्याची ही हकिकत. किती पिढ्या झाल्या ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. माझ्या आज्याने त्याच्या आज्याकडून ऐकली होती.

तेव्हा या खोऱ्यात दर तीन-चार वर्षांनी पटकी यायची. सकाळी नांगर धरलेला माणूस दुपारी जुलाब-उलट्यांनी आडवा व्हायचा आणि दिवस मावळायच्या आत त्याचे डोळे खोल जायचे. औषध ठाऊक नव्हते. लोक म्हणत, मरीआई कोपली. मग तिची समजूत घालायची रीत होती. सुताराने गाडा करायचा, त्यात देवीची मूर्ती बसवायची, तिला हिरवे लुगडे नेसवायचे, काकणे भरायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि अख्ख्या गावाने वाजतगाजत गाडा ओढत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो घ्यायचा. देवी दारात आल्यावर नको कोण म्हणणार? त्यांनी तिचा मानपान करायचा आणि त्याच्या पुढच्या गावाला पोचवायची. अशी ती वरच्या करवंद्यापासून पळसोंड्याला, पळसोंड्याहून वाघजळला आणि तिथून खाली नदीकाठच्या गावांना जायची.

घरोघर माणसे गेलेली असत, तरी गाड्याच्या दिवशी शिवेवर जत्रा भरे. दोन्ही गावांची माणसे एकत्र येत. या गावच्या लेकी त्या गावात दिलेल्या, त्यांना माहेरचे माणूस दिसे. एकाच काठवटीतला दहीभात द्रोणाद्रोणाने दोन्ही गावांत वाटला जाई. रडून झालेली माणसे त्या दिवशी जरा हसतही असत, असे सांगतात.

त्या काळी पळसोंड्यात म्हाळबा नावाचा सुतार होता. हाताचा सफाईदार, तोंडाचा अबोल. बायको यसू, आणि एकुलती एक लेक ठकू. ठकू वाघजळला सोपानच्या घरी दिलेली. तिला सव्वा वर्षाची मुलगी होती, भिमी. वाघजळ काही लांब नाही, पण नांदती लेक ती, वर्षातून दोनदा माहेरी आली तर आली. म्हाळबा मात्र वाघजळच्या बाजूचे काम कधी नाकारत नसे. नांगराचा फाळ बसवायच्या निमित्ताने गेला की लेकीच्या ओसरीवर घोटभर पाणी पिऊन यायचा.

एका आखाडात पळसोंड्यात पटकी आली. पंधरवड्यात चौदा माणसे गेली. पाटलाने सांगितल्यावर म्हाळबाने दोन दिवसांत गाडा केला. असे गाडे त्याने आधीही दोन केले होते. गाडा बांधणाऱ्याने शिवेपर्यंत बरोबर चालायचे, वाटेत चाक अडले तर ते बघायचे, हीही रीतच. यसूकडे नैवेद्याचे काम आले. ती सकाळपर्यंत शेजारच्या घरी आजारी माणसाच्या उशाशी बसली होती. तिथून उठली, लुगड्याला हात पुसले, आणि म्हाळबानेच कोरलेल्या मोठ्या काठवटीत दोन्ही हातांनी दहीभात कालवायला बसली. बायकांनी ओढ्याचे पाणी घागरी भरभरून आणले. त्याच ओढ्यावर आजाऱ्यांची लुगडी-धोतरे धुतली जात होती. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. देवीचे काम होते.

माळावर वाघजळचे लोक आधीच येऊन थांबले होते. ठकू सगळ्यांत पुढे. आबा गाड्याबरोबर येणार हे तिला ठाऊक होते.

"आबा, किती वाळलात!" ती म्हणाली.

"तू जेवलीस का?" म्हाळबाने विचारले. त्याला दुसरे काही बोलायला सुचत नसे.

"सकाळपास्नं तुमची वाट बघतेय. जेवते कधी?"

म्हाळबाने आपल्या द्रोणातला दहीभात तिला दिला. ती उभ्याउभ्याच खाऊ लागली, तसा तो म्हणाला, "बस की जरा, पळून न्हाई चालला भात." ती हसली. मग तिने अर्धा द्रोण तसाच ठेवून पदराखाली घेतला. "भिमीला नेते. तिला आवडतो. सासूबाईंपाशी ठेवून आलेय तिला." म्हाळबाने आणखी एक मूठ भात त्या द्रोणात घातला. हलगीचा आवाज वाढला, गाडा वाघजळकरांनी हाती घेतला, आणि ठकू गर्दीबरोबर निघून गेली. जाताना तिने दोनदा वळून पाहिले, असे म्हणतात.

पाचव्या दिवशी वाघजळचा एक माणूस आला आणि शिवेवरूनच ओरडून सांगून गेला. ठकू गेली होती. भिमी तिच्या आदल्या दिवशी गेली होती.

म्हाळबा पोचला तेव्हा सगळे उरकले होते. सोपान ओसरीवर गुडघ्यांत डोके घालून बसला होता. त्याची आई दारात आली. शिव्याशाप द्यायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"म्हाळबा, पोर भात खाऊन नाचली हो," ती म्हणाली. "आबांनी दिला, आबांनी दिला म्हणून ठकूनं तिला भरवला. मला पण देत होती. माझा उपास होता."

म्हाळबा वळला. तो गावातून चालू लागला. का, ते त्यालाही सांगता आले नसते. घर असे राहिले नव्हते की जिथे कुणी आजारी नाही किंवा कुणी गेलेले नाही. चालत चालत तो गावकुसालगतच्या कुंभाराच्या घरापाशी आला. तिथे अंगणात चार पोरे खेळत होती. म्हातारा कुंभार चाकावर होता, सून दारात बाळाला घेऊन बसली होती. म्हाळबा उभाच राहिला.

"तुमच्यात कुणाला काय न्हाई?" त्याने विचारले.

"न्हाई बाबा, आईची किरपा," कुंभार म्हणाला. "आन् आम्ही तर तिच्या मानालासुद्धा आलो न्हाई. सून बाळंत झाली, सोयर होतं. सोयरातल्या माणसानं देवीच्या गाड्यापुढं कसं यायचं? परसादसुद्धा घेतला न्हाई."

ज्यांनी देवीचा प्रसाद भक्तिभावाने खाल्ला ती घरे बसली होती, आणि विटाळ म्हणून जे घर शिवेवर आलेच नव्हते ते धडधाकट होते. म्हाळबा सुतार होता. लाकूड कुठे चिरले आणि कशाने चिरले हे शोधायची त्याच्या डोळ्यांना सवय होती. तिथेच कुंभाराच्या अंगणात तो खाली बसला आणि त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

परतताना त्याला चावडीपुढे तोच गाडा दिसला. त्याला नवी माळ घातली होती. मोठ्या हंड्यात भात शिजत होता. दुसऱ्या दिवशी वाघजळकर गाडा घेऊन पुढच्या गावाला जाणार होते. म्हाळबाच्या ओठांवर शब्द आले होते, असे सांगतात. पण परक्या गावात, लेकीच्या सुतकात, देवीच्या गाड्याबद्दल बोलायचे धाडस त्याला झाले नाही. तो मान खाली घालून निघून आला. पुढच्या गावात एकोणतीस माणसे दगावली. तो आकडा म्हाळबा मरेपर्यंत विसरला नाही.

घरी आल्यावर त्याने यसूला सगळे सांगितले. सांगायला नको होते, असे त्याला नंतर वाटले. यसू उठली. तिने ती काठवट कुऱ्हाडीने फोडली आणि चुलीत घातली. पुढे तीन वर्षे तिने कुणाच्या लग्नात, कुणाच्या जेवणावळीत कालवायला हात लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "माझा हात चांगला न्हाई, बाई."

तिसऱ्या वर्षी आखाड लागला आणि करवंद्याहून गाडा आला. म्हाळबा आधीच पाटलाकडे गेला होता. आवजी पाटील माणूस वाईट नव्हता, गावाची काळजी करणारा होता.

"पाटील, गाडा घ्यायला शिवेवर कुणी जाऊ नका. परसाद घेऊ नका," म्हाळबा म्हणाला.

"मग देवीला दारातनं परत लावू?"

"मरी गाड्यात बसून येत न्हाई, पाटील. आपल्या हातातनं येते, द्रोणातनं येते. मी बघितलंय."

"तुझी लेक गेली म्हाळबा, मला कळतंय," पाटील हळू म्हणाला. "पण दुःखात माणूस देवाला बोल लावतो. घरी जा."

गाव शिवेवर गेले. म्हाळबा आणि यसू गेले नाहीत. आठवड्यात पळसोंड्यात नऊ जण गेले, आणि गाडा लवकर पुढे लावा म्हणून सगळे पाटलाच्या मागे लागले. येताना वाटेत गाड्याचे एक चाक चिरले होते. ते बदलायला म्हाळबाला बोलावणे आले. म्हाळबा निमूटपणे गेला. दिवसभर खपून त्याने नवे चाक केले. चाक आसातून निसटू नये म्हणून बाहेरून लाकडाची खीळ मारतात. ती त्याने स्वतःच्या हाताने बसवली आणि पाटलाला सांगितले, "झालं."

मंगळवारी दुपारी गाडा निघाला. पुढे लखा पोतराज, कमरेला घुंगरे, हातात स्वतःच्या अंगावर ओढायचा आसूड, म्हणजे कोरडा. मागे हलगी, मागे गाव. म्हाळबा रीतीप्रमाणे मागच्या चाकाशी चालत होता. शीव आली. पलीकडे वाघजळकर हळदकुंकू, नारळ घेऊन उभे होते. त्यांच्यात सोपान होता. त्याच्याशेजारी त्याची नवी बायको, नारळाचे ताट हातात धरून. तिला दिवस गेलेले दिसत होते. माळाच्या मधोमध येताच म्हाळबा वाकला आणि त्याने खीळ उपसून ओढ्यात फेकली. चाक सुटले, गडगडत जाऊन आडवे पडले. गाडा कलला. देवीच्या हातची काकणे फुटली.

बायकांनी किंकाळी फोडली. हलगी थांबली.

"देवीनं चाक काढलं!" कुणीतरी म्हणाले.

"देवीनं न्हाई, मी काढलं," म्हाळबा म्हणाला, आणि उघड्या पडलेल्या आसावर जाऊन बसला.

आता लोकांनी त्याला जिवंत सोडले नसते, पण पाटील मध्ये पडला. त्याचा आवाज संतापाने कापत होता. "अरे, गाडा हितं राहिला तर मरी गावातच राहील! तुला काय, तुझी लेक गेली. आमची अजून हायेत! आन् तुझी यसू? ती गावातच हाय न्हवं?"

"हाय," म्हाळबा म्हणाला. "पाटील, पाहुणा कसाही असला तरी त्याला हाताला धरून शेजाऱ्याच्या घरात ढकलतो का आपण? ही आपल्याकडं आलीय. आपणच तिचं करू. आपलं जायचं असेल ते जाईल. पण मी हिला पुढं जाऊ देणार न्हाई. एकदा मी लेकीच्या हातात द्रोण दिला. पुन्हा कुणाच्या लेकीला देणार न्हाई."

पलीकडे वाघजळच्या लोकांना एवढेच कळले की पळसोंडेकर देवीला त्यांच्याकडे येऊ देत नाहीत. असा अपमान त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता. दगड आले. एक म्हाळबाच्या कपाळावर बसला, रक्त डोळ्यांत उतरले. ते न पुसताच तो उभा राहिला आणि ओरडला, "सोपान! मागं फीर! बायकोला घेऊन मागं फीर! तुला ठकूची आण हाय!"

सोपान क्षणभर जागचा हलला नाही. मग त्याने बायकोच्या हातातले ताट घेऊन जमिनीवर ठेवले, तिचे मनगट धरले आणि तो गावाकडे वळला. त्याच्यामागून कुंभाराच्या घरची माणसे वळली. मग एकेक करून बाकीची.

पळसोंड्याच्या लोकांनी आता लखा पोतराजाकडे पाहिले. देवी त्याच्या अंगात येत असे. ती जे बोलेल ते खरे. लखाने डोळे मिटले, कोरडा उचलला, अंगावर ओढला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग तो घुमू लागला आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला: "दमले मी! गावोगाव हिंडून दमले! मला हितं बसू द्या! अकरा दिस माझ्या माळावर कुणी यायचं न्हाई. शीव कुणी वलांडायची न्हाई. माझा निवद ज्यानं त्यानं आपापल्या चुलीवर शिजवायचा, आपल्या उंबऱ्यात मला दाखवायचा आन् कढत कढत आपणच खायचा. पाणीबी कढतच प्यायचं. ओढ्यात कुणी धुणं धुवायचं न्हाई!"

लखा त्या दिवशी खरोखर घुमला की म्हाळबाचे ऐकून ठरवून बोलला, हे तेव्हाही कुणाला कळले नाही. पण त्याचीही बहीण तीन वर्षांमागे नदीकाठच्या गावात त्या वर्षीच्या गाड्याच्या पाठोपाठ पटकीने गेली होती, एवढे मात्र सांगतात.

गावाने बरोबर आणलेल्या दुसऱ्या काठवटीतला दहीभात माळावरच खड्डा खणून पुरला. लोक खाली मान घालून परतले. म्हाळबा आणि लखा दोघेच मागे राहिले. गाडा राखायला थांबणाऱ्याने अकरा दिवस गावात जायचे नाही, असे म्हाळबाने स्वतःच सांगितले होते. पाटलाने त्यांच्यासाठी रोज भाकरी धाडायचे कबूल केले. माणूस येई, लांब दगडावर भाकरी ठेवी, मागे सरून उभा राही, आणि गावात काय झाले ते ओरडून सांगून जाई.

पहिल्या तीन दिवसांत पाच जण गेले. चौथ्या दिवशी दोन. लोक म्हाळबाच्या नावाने बोटे मोडत होते. सहाव्या दिवशी भाकरी घेऊन आलेला माणूस भाकरी ठेवूनही मागे सरला नाही, दगडापाशीच उभा राहिला.

"बोल," म्हाळबा म्हणाला.

"यसूवहिनीला जुलाब लागलेत. सकाळपास्नं."

म्हाळबा उठला. माळावरून गाव स्पष्ट दिसते. त्याचे घर कडेलाच होते, छपराची कौले दिसत होती. तो माळाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथे थांबला. लखा मागून आला.

"जा तू," लखा म्हणाला. "मी कुणाला बोलणार न्हाई. देवी माझ्या तोंडानं बोलली ना? मग मीच सांगतो, जा."

"लखा, सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी पडलंय," म्हाळबा म्हणाला. "मी गेलो की उद्या जो तो जाईल. ह्याची बहीण वाघजळला, त्याची मावशी करवंद्याला. मग हे चाक काढलं कशाला?"

"तिला काय निरोप?"

 म्हाळबाने दोन्ही हात तोंडाशी धरून गावाच्या दिशेने हाक मारली. बायकोला नावाने हाक मारायची त्या काळी पद्धत नव्हती. आयुष्यात त्याने तिला "अगं" सोडून कधी हाक मारली नव्हती. "यसू! तुझा हात चांगला हाय गं! तुझा हात चांगला हाय!" असे तो घसा बसेपर्यंत ओरडत राहिला. वारा उलटा होता. तिच्या कानावर ते गेले की नाही, हे कोण सांगणार? शेजारची म्हातारी उशाशी बसली होती. ती पुढे म्हणायची की यसूने एकदा डोळे उघडून दाराकडे पाहिले होते. पण म्हातारीने ते म्हाळबाला बरे वाटावे म्हणूनही सांगितले असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याच्या वरच्या अंगाला धूर दिसला. कुणाचा, हे भाकरी आणणाऱ्याला सांगावे लागले नाही. लखाने हलगी उचलली आणि ठेवून दिली. म्हाळबाने त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. संध्याकाळी मात्र त्याने पडलेले चाक उचलले आणि करवतीने त्याचे दोन तुकडे केले.

यसूनंतर गावात कुणी गेले नाही. अकरा दिवस पुरे झाले तेव्हा पळसोंड्यात नव्या आजाराचा एकही माणूस नव्हता. वाघजळात त्या वर्षी पटकी शिरलीच नाही. खाली नदीपर्यंत कुठेच गेली नाही. खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही असे वर्ष आठवत नव्हते.

बाराव्या दिवशी आवजी पाटील स्वतः माळावर आला. डोक्याचे पागोटे काढून त्याने म्हाळबापुढे ठेवले. "गावात चल," एवढेच म्हणाला. म्हाळबाने पागोटे उचलून पाटलाच्या हातात परत दिले. "गावात माझं कोण हाय आता?" तो म्हणाला. "मी हितंच बसतो. पुन्हा कुणी गाडा घेऊन आलं तर बसलेला माणूस दिसायला पाहिजे." पाटलाने तिथेच गाड्यासमोर शब्द दिला, की पळसोंडे मरीआईला पुन्हा कुणाच्या शिवेत ढकलणार नाही. म्हाळबाने आसाखाली धोंडा टेकवला, ओटा बांधायला घेतला आणि शेजारी झोपडी घातली. लखा दर मंगळवारी येऊन त्याच्यापाशी बसायचा. दोघे फार बोलत नसत.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी एका सकाळी पलीकडच्या काठावरून हाक आली. "आबा, बरे आहात का?"

म्हाळबा दचकून उभा राहिला. पलीकडे सोपानची नवी बायको उभी होती, कडेवर तान्ही मुलगी. तिचे नाव काय ठेवले ते तिने सांगितले नाही आणि म्हाळबाने विचारले नाही.

"बरा हाय, पोरी," म्हाळबा म्हणाला. "तू जेवलीस का?"

"जेवले, आबा."

"मग जा. ऊन लागंल लेकराला."

ती वर्षातून एकदा, आखाडाच्या पहिल्या मंगळवारी यायची. तो जिवंत होता तोवर आली. त्याच्या मागेही येत राहिली, आणि मग तिच्या मुली येऊ लागल्या, आणि हळूहळू वाघजळात दिलेल्या पळसोंड्याच्या सगळ्याच लेकी.

आजही आखाडाच्या पहिल्या मंगळवारी त्या ओढ्याच्या पलीकडे येऊन उभ्या राहतात. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत, सकाळीच आईबापांशी बोलणे झालेले असते, तरी येतात. त्या दिवशी ओढा कुणी ओलांडत नाही. या काठावर आम्ही बाप आणि भाऊ उभे असतो. पलीकडून एकेक लेक आपल्या बापाला हाक मारते, "बरे आहात का?" आणि इकडून तो बाप उत्तर देतो, "बरा हाय, तू जेवलीस का?" पण त्याच्याही आधी त्यांच्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई पुढे येते आणि माळाकडे तोंड करून पहिली हाक म्हाळबाला मारते. त्या हाकेला आमच्यापैकी कुणीही उत्तर द्यायचे नाही. आम्ही सगळे गप्प उभे राहतो. ओढ्याचे पाणी तेवढे वाजत असते. मग थोड्या वेळाने पुढची लेक आपल्या बापाला हाक मारते.